घराखालून येणारा वायू आणि लाखाचा खर्च

मागच्या आठवड्यात आपल्या एका गटातल्या मावशींचा केंद्रावर फोन आला. त्यांची लेक अमेरिकेत, न्यू जर्सी राज्यात असते. लेक-जावई तिकडे एक जुनं घर विकत घेतायत. घराची तपासणी केली तर त्यात रेडॉन नावाचा वायू जास्त निघाला. तो कमी करायला दीड हजार डॉलर लागतील, असं ठेकेदारानं सांगितलं. डॉलर ८५ रुपये धरला तर हे झाले सव्वा लाखाच्या वर. जावई म्हणतात, ना वास, ना धूर, कोणी आजारी नाही, मग एवढे पैसे कशाला घालवायचे? मावशींनी मला सरळच विचारलं, "माझ्या पोरीला कोणी फसवतंय का गं?"

मावशी, आधी उत्तर सांगते. हा वायू खरा आहे, त्याचा धोका खरा आहे, आणि सांगितलेली रक्कम तिकडच्या मानानं अवाच्या सवा नाही. आता हे असं का, ते सगळ्याच जणी ऐका.

खडकात आणि मातीत थोडं थोडं युरेनियम असतंच. ते कोट्यवधी वर्षं हळूहळू बदलत राहतं, आणि त्या बदलात एका टप्प्यावर रेडॉन तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. मोकळ्या रानात तो वर आला की वाऱ्यात मिसळून जातो, काही होत नाही. पण वर बंद घर असेल तर तो आत साठतो. श्वासाबरोबर छातीत गेला की त्याचे बारीक कण फुप्फुसाला चिकटतात आणि तिथे किरण सोडत राहतात. आज श्वास घेतला आणि उद्या खोकला आला, असं होत नाही. वर्षानुवर्षं असं झालं तर फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचा अंदाज आहे की तिकडे दरवर्षी सुमारे २१,००० माणसं यानं दगावतात. फुप्फुसाच्या कर्करोगाचं पहिलं कारण तंबाखूचा धूर, आणि दुसरं हे. सिगारेट ओढणाऱ्याला रेडॉनचा धोका कितीतरी पटींनी वाढतो. जावई ओढतात का, ते मावशींनी विचारावं, मी नाही विचारणार.

तुम्ही म्हणाल, माती तर सगळीकडेच आहे, मग अमेरिकेतच हे एवढं का? याचं उत्तर आपल्या चुलीच्या धुराड्यात आहे. धुराड्यात गरम हवा वर जाते आणि खालून नवी हवा ओढली जाते. तिकडे थंडीत घरं चोवीस तास तापवतात आणि दारं-खिडक्या घट्ट लावून घेतात. गरम हवा वरच्या फटींतून निघून जाते आणि तिच्या जागी घर खालून हवा ओढतं. घराखाली पुष्कळदा तळघर असतं, आणि त्याच्या फरशीला भेगा, नळांच्या कडेला फटी. त्यातून जमिनीतली हवा आत येते. म्हणजे अख्खं घरच एक धुराडं होऊन बसतं. तळघरात पुन्हा मुलांची खेळायची खोली असते, म्हणजे वायू जिथे जास्त तिथेच लेकरं.

हे लोकांच्या ध्यानात कसं आलं, ती गोष्ट सांगण्यासारखी आहे. डिसेंबर १९८४ मध्ये पेनसिल्व्हेनिया राज्यात स्टॅनली वाट्रास नावाचे इंजिनियर एका नव्या अणुवीज केंद्रावर कामाला होते. अंगावर किरणोत्सर्गी कण आहेत का, हे पाहायला तिथे यंत्र असतं. वाट्रास कामावर आले की ते यंत्र ओरडायचं. केंद्र तर अजून सुरूच झालं नव्हतं! मग शोध घेतला, तर ते कण त्यांच्या घरातूनच अंगावर येत होते. त्यांच्या घरातल्या हवेत रेडॉन सुमारे २७०० निघाला. तापाला जशी डिग्री, तसं रेडॉनला 'पिकोक्युरी' नावाचं माप आहे, एका लिटर हवेमागे किती ते सांगणारं. तिकडचं सरकार म्हणतं, हा आकडा ४ किंवा त्याच्या वर असेल तर घर दुरुस्त करा. ४ कुठे आणि २७०० कुठे! ज्या खडकाच्या पट्ट्यावर ते घर होतं, तो पट्टा पेनसिल्व्हेनियातून न्यू जर्सीतून न्यूयॉर्ककडे जातो. न्यू जर्सीत आपली मराठी माणसं भरपूर, म्हणून मावशींचा प्रश्न त्यांच्या एकटीचा नाही.

आता खर्चाचं बोलू. पहिला खर्च तपासणीचा, आणि तो किरकोळ आहे. कोळशाची भुकटी भरलेली एक छोटी डबी मिळते. घर बंद ठेवून ती सर्वांत खालच्या राहत्या खोलीत दोन ते चार दिवस ठेवायची आणि प्रयोगशाळेला पाठवायची. १५ ते ३० डॉलर लागतात. ती स्वयंपाकघरात किंवा न्हाणीघरात ठेवायची नाही, तिथल्या वाफेनं आकडा चुकतो.

आकडा जास्त आला की खरं काम लागतं. तळघराच्या फरशीला भोक पाडून त्यात प्लॅस्टिकचा जाड पाइप बसवतात आणि तो छपराच्या वरपर्यंत नेतात. पाइपात पंखा बसवतात. पंखा घराखालची हवा ओढून परस्पर आभाळात सोडतो, ती घरात शिरतच नाही. भेगा सिमेंटनं किंवा लांबीसारख्या पदार्थानं भरतात. नुसत्या भेगा भरून मात्र भागत नाही. स्वस्तात काम करतो म्हणून कोणी फक्त बुजवाबुजवी करून पैसे मागत असेल, तर तो ठेकेदार नको. पाइप-पंख्याचं काम बहुतेक वेळा एका दिवसात होतं, आणि त्याला साधारण ८०० ते २५०० डॉलर पडतात. घर मोठं, तळघराचे दोन-तीन तुकडे, खाली दगड जास्त, अशा गोष्टींनी रक्कम वाढते.

पण आपल्या बायकांना ठाऊक आहे, गाय विकत घेतली की चारा रोज लागतो. इथेही तसंच. पंखा रात्रंदिवस चालू ठेवायचा असतो. ६० वॅटचा धरला तर दिवसाला जवळजवळ दीड युनिट, महिन्याला ४३. तिकडच्या दरानं त्याचं बिल दर महिन्याला भरावं लागतं. शिवाय घरातली थोडी गरम हवाही बाहेर जाते, म्हणून थंडीत घर तापवायचा खर्च जरा वाढतो. काही वर्षांनी पंखा बदलावा लागतो. आणि दर दोन वर्षांनी ती कोळशाची डबी पुन्हा ठेवून पाहायची.

मावशी, लेकीला हे विचारायला सांगा. ठेकेदाराकडे न्यू जर्सी राज्याचं प्रमाणपत्र आहे का? तिथे ते कायद्यानं लागतं. काम झाल्यावर आकडा ४ च्या खाली येईल, असं तो लिहून देतो का, आणि नाही आला तर पुढचं काम कोणाच्या पैशानं? आणि सगळ्यांत मोठं म्हणजे, घर अजून विकणाऱ्याच्या नावावर आहे ना? मग खर्च त्यानं करावा किंवा किमतीत वळता करावा, ही बोलणी व्हायलाच हवीत. तिकडे असं सर्रास होतं. खरेदीखत झाल्यावर बोलून उपयोग नाही. आणि विकणाऱ्यानं ऐकलंच नाही, तरी माझं मत विचाराल तर सव्वा लाख घालावेत. घराच्या किमतीपुढे ती रक्कम फार नाही, आणि नातवंड त्याच तळघरात रांगणार आहे.

आता तुमच्या मनातला प्रश्न. आपल्या घरात रेडॉन आहे का? थोडा सगळीकडेच असतो. पण महाराष्ट्राच्या बहुतेक भागाखाली काळा पाषाण आहे. त्यात युरेनियम ग्रॅनाइटपेक्षा कमी असतं. पूर्व विदर्भात आणि सिंधुदुर्गाकडे खडक वेगळे, जुने आहेत. पण घरं तिथेही बहुधा उघडीच, कौलांतून वारा खेळणारी, तळघर नसलेली. दारं-खिडक्या रोज उघडल्या जातात, त्यातच बराचसा रेडॉन निघून जातो. तेव्हा कोणी दारात येऊन रेडॉनचं यंत्र विकायला लागलं, तर गटाचं कर्ज त्यासाठी काढू नका.

आपल्या घरातली हवा नासवणारी गोष्ट डोळ्यांना दिसते आणि चुरचुरते. चुलीचा धूर. गॅस आला तरी पाणी तापवायला आणि भाकरीला चूल कित्येक घरांत पेटतेच. हवेवर चार पैसे खर्चायचे, तर पहिले तिथे.

आणि यात तिकडच्याकडून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. अमेरिकेत नवं घर बांधतानाच फरशीखाली खडी, प्लॅस्टिक आणि पाइप घालून ठेवला, तर तेच काम नंतरच्या मानानं बरंच स्वस्तात होतं. आपल्यापैकी ज्यांची घरकुलं आत्ता जोत्यावर आली आहेत, त्यांनी गवंड्याला आजच सांगा: स्वयंपाकाच्या खोलीला समोरासमोर दोन खिडक्या, वर छपरालगत जाळी, आणि चूल ठेवणार असाल तर भिंतीत धुराड्याची जागा. भिंत उभी राहताना भोक सोडायला वेगळी मजुरी पडत नाही. प्लॅस्टर झाल्यावर तेच फोडायचं म्हटलं, की एका दिवसाची मजुरी, वर सिमेंट, वर पुन्हा रंग.