प्रकाश सापळ्यासाठी बॅटरी : सीलबंद की पाण्याची?

हुमणीचे भुंगेरे वर्षातून एकदाच, वळवाच्या किंवा मोसमी पावसाच्या पहिल्या सरींनंतर, मोठ्या संख्येने जमिनीतून बाहेर पडतात. नेमक्या याच दिवसांत आकाश ढगाळ असते आणि सौर प्रकाश सापळ्याची बॅटरी पुरेशी चार्ज होत नाही. दिवा तासाभरात विझला, तर सकाळी सापळ्याचे पात्र रिकामे आढळते आणि नोंदवहीत ‘शून्य’ लिहिले जाते. हे शून्य किडीचे नसून बॅटरीचे असते. मात्र त्याच्या आधारे दिलेला सल्ला शेतकऱ्याला महागात पडतो. म्हणून सापळ्याइतकाच विचार बॅटरीचाही व्हावयास हवा.

प्रचलित दोन्ही प्रकारांत शिसे आणि गंधकाम्लच असते. पाण्याच्या बॅटरीत आम्ल द्रवरूपात असते. चार्जिंगच्या वेळी पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन व ऑक्सिजन बाहेर पडतात; त्यामुळे वेळोवेळी डिस्टिल्ड वॉटर घालावे लागते. ही बॅटरी सरळ उभी व हवेशीर जागी ठेवावी लागते. सीलबंद बॅटरीत आम्ल काचतंतूंच्या थरात शोषलेले किंवा जेलच्या रूपात असते आणि वायूंचे बहुतांशी पुन्हा पाणी होते. ती सांडत नाही व तिच्यात पाणी घालावे लागत नाही.

तथापि, सीलबंद म्हणजे निर्धोक नव्हे. जास्त चार्जिंगमुळे गेलेले पाणी तिच्यात परत भरता येत नाही. तापमान 10 अंश सेल्सिअसने वाढल्यास तिचे आयुष्य साधारण निम्मे होते. उन्हात तापणाऱ्या पत्र्याच्या बंद पेटीऐवजी सावलीतील, हवा खेळती राहणारी पेटी वापरावी. चार्ज कंट्रोलर बॅटरीच्या प्रकारानुसारच लावावा.

क्षमतेचा हिशेब सोपा आहे. 10 वॅटचा दिवा रोज 4 तास चालल्यास 40 वॅट-तास, म्हणजे 12 व्होल्टवर सुमारे 3.3 अँपिअर-तास लागतात. तीन ढगाळ रात्रींसाठी 10 अँपिअर-तास हवेत. शिसे-आम्ल बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी केल्यास लवकर खराब होते. म्हणून 20 अँपिअर-तासांची बॅटरी घ्यावी. वाहनाची बॅटरी क्षणिक मोठ्या प्रवाहासाठी बनविलेली असते. वारंवार खोलवर रिकामी होणे तिला सोसत नाही.

शेतात खांबावर असलेल्या, हलवाव्या लागणाऱ्या एकट्या सापळ्यासाठी सीलबंद बॅटरी योग्य ठरते. प्रक्षेत्रावर अनेक सापळ्यांना एकाच ठिकाणाहून वीज द्यावयाची असेल आणि देखभालीस माणूस असेल, तर पाण्याची ट्यूब्युलर बॅटरी किफायतशीर व टिकाऊ ठरते.

कोणतीही बॅटरी असो, सूर्यास्तानंतर दिवा लावण्यापूर्वी व्होल्टेज मोजावे. काही काळ विश्रांती मिळालेल्या पूर्ण चार्ज बॅटरीत ते सुमारे 12.7 व्होल्ट असते, 12.2 म्हणजे साठा साधारण निम्म्यावर आला. नोंदवहीत कीटकसंख्येशेजारी ‘दिवा किती तास चालला’ हा रकाना ठेवावा. तो रकाना अपुरा असेल, तर त्या रात्रीचे शून्य सल्ल्यासाठी ग्राह्य धरू नये. निकामी बॅटरी भंगारात न टाकता विक्रेत्याकडे अथवा अधिकृत संकलन केंद्रात द्यावी. तिच्यातील शिसे व आम्ल जमिनीला घातक असतात.