बाळंतिणीला शेक द्या, पण निखारे खोलीबाहेर ठेवा

परभणी : उज्ज्वला योजना २०१६ साली आली आणि जिंतूर, पालम, गंगाखेडकडच्या वाड्या-तांड्यांवरही गॅसची टाकी पोचली. पण चूल काही विझली नाही. टाकी महाग, पऱ्हाट्या-तुराट्या घरच्याच. म्हणून चहा गॅसवर, भाकरी अन् आंघोळीचं पाणी चुलीवर, असं बऱ्याच घरांत चालतं.

घरात बाई गरोदर असेल तर हा धूर तिच्यापुरता राहत नाही. त्यातला कार्बन मोनॉक्साइड वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो. वारेतून तो पोटातल्या बाळाकडे जातो आणि बाळाच्या रक्तातून निघायला आईपेक्षा जास्त वेळ घेतो. आधीच अंगात रक्त कमी असेल तर त्रास वाढतो. कमी वजनाच्या बाळंतपणाशीही या धुराचा संबंध जोडला जातो. तेव्हा टाकी पाहुण्यारावळ्यांसाठी राखून न ठेवता या नऊ महिन्यांत वापरलेली बरी.

खरा घोळ मात्र बाळंतपणानंतर होतो. सव्वा महिना बाळंतीण आत. वारं लागू नये म्हणून खिडकी बंद, दाराच्या फटीत चिंध्या, बाजेखाली शेगडी, त्यात ओवा अन् लसणाच्या सालीची धुरी, रात्री वरून मच्छर अगरबत्ती. चुलीपुढून बाई तासाभरानं उठते तरी. इथं मायलेकरं दिवसरात्र त्याच हवेत. निखाऱ्याला धूर दिसत नाही, म्हणून म्हाताऱ्या माणसांना वाटतं, यानं काय होतंय? पण धगधगता निखाराच हा वायू सोडतो. त्याला ना रंग, ना वास.

शेक बंद करा असं नाही. कंबरेला ऊब बरीच वाटते. शेगडी अंगणात ठेवा, फडकं तिथं तव्यावर गरम करून आत आणा. गरम पाण्याची पिशवी असेल तर उत्तमच. बाळाला धुरी नकोच. ऊब हवी तर आईच्या छातीशी धरा, अंगाला अंग लावून.

खोलीत डोकं दुखणं, मळमळ, गरगरणं सुरू झालं आणि बाहेर आल्यावर बरं वाटलं, तर तो बाळंतपणाचा अशक्तपणा समजू नका. सोबतच्या बाईलाही तसंच होत असेल तर शंका आणखी पक्की. दारं-खिडक्या उघडून सगळ्यांना बाहेर काढा, मग १०८ ला फोन करा. बाळ सुस्त पडलं किंवा दूध ओढेना, तर नजर उतरवण्यात वेळ घालवू नका.