संधिवाताच्या दुखण्यावर व्यायामाचा उपचार

तापी नदी खानदेशातून वाहत जाऊन सुरतेजवळ समुद्राला मिळते. जवळजवळ तिच्याच वाटेने, सुरत-भुसावळ लोहमार्गावरून, गेल्या कित्येक दशकांत धुळे, नंदुरबार व जळगाव जिल्ह्यांतील असंख्य कुटुंबे पोटापाण्यासाठी सुरतेस गेली. लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत मराठी बोलणाऱ्यांची मोठी वस्ती असून महापालिकेच्या मराठी शाळाही त्या शहरात चालतात. यंत्रमागापुढे उभे राहून, रंगाई-छपाईच्या गिरण्यांतून, कापडबाजारात गठ्ठे वाहून ही माणसे राबतात. घरोघरी स्त्रिया जमिनीवर मांडी घालून साड्यांना लेस लावतात, खडे चिकटवतात, सुटलेले धागे कापतात. या घरकामाचा मोबदला नगावर मिळतो. त्यामुळे पन्नाशीच्या सुमारास गुडघा दुखू लागला की तो केवळ प्रकृतीचा प्रश्न राहत नाही. घरातील एक मिळकत धोक्यात येते.

अशा वेळी बहुधा दोन गोष्टी घडतात. घरची माणसे प्रेमापोटी सांगतात, ‘‘आता बसून घ्या, फार चालू नका.’’ आणि शेजारचे कोणीतरी एखाद्या अशिक्षित उपचारकाकडील पुडीचे किंवा इंजेक्शनचे नाव सुचविते. पुडीने दोन दिवसांत आराम पडतो, पाय हलका होतो, काम पुन्हा सुरू होते. परंतु अशा पुड्यांत पुष्कळदा स्टिरॉइड मिसळलेले असते. वैद्यकीय देखरेखीवाचून ते दीर्घकाळ पोटात गेल्यास हाडे ठिसूळ होतात, रक्तातील साखर व रक्तदाब वाढतो, जंतुसंसर्गाशी झुंजण्याची शक्ती घटते. अंथरुणाला खिळून घेतलेल्या विश्रांतीचा अपाय इतका ढळढळीत दिसत नाही, म्हणूनच तो कोणाच्या लक्षात येत नाही.

हा अपाय कसा होतो, हे समजण्यासाठी सांध्याची रचना थोडी जाणून घेतली पाहिजे. सांध्यात एकत्र येणाऱ्या हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते. या कूर्चेत स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातील वंगणासारख्या द्रवातून तिला पोषण मिळते, आणि तेही सांधा हलला तर. पाण्यात भिजवलेले फडके दाबावे व सोडावे, म्हणजे जुने पाणी निघून नवे शिरते, तद्वत चालताना पडणारा आणि सुटणारा दाब कूर्चेचे पोषण करीत असतो. दुसरी गोष्ट स्नायूंची. मांडीच्या पुढच्या बाजूचा मोठा स्नायू प्रत्येक पावलाचा हिसका स्वतःवर झेलतो व गुडघ्याला सांभाळतो. दुखते म्हणून माणूस पाय वापरीत नाही. न वापरल्याने हा स्नायू रोडावतो. तो रोडावला की हिसका थेट सांध्यावर बसतो आणि दुखणे वाढते. हे चक्र जेथे तोडता येते ती जागा म्हणजे मांडीचा स्नायू होय. व्यायामाने झिजलेली कूर्चा पुन्हा उगवत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. परंतु दुखणे कमी होते व चालण्या-उठण्याची क्षमता वाढते, हे जगभरातील अनेक चाचण्यांतून सिद्ध झाले आहे.

हा विकार शहरी किंवा सुखवस्तू माणसांचा आहे, असा एक समज आढळतो. पुणे जिल्ह्यातील भिगवण या गावी १९९६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सहयोगाने सांधेदुखीची घरोघर पाहणी झाली. पुण्यातील संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकाने ४,०९२ प्रौढ व्यक्तींची विचारपूस केली. त्यांपैकी १८.२ टक्के व्यक्तींना हाडे, सांधे वा स्नायूंच्या दुखण्याची तक्रार होती. सांध्यांची झीज होऊन जडणारा संधिवात ५.८ टक्के लोकांत आढळला. कष्टकरी खेड्यातील ही स्थिती पाहता सुरतेच्या चाळींतून किंवा शिरपूर-अमळनेरच्या गावांतून ती फार निराळी असेल, असे मानण्यास आधार नाही.

घरी करावयाचे व्यायाम साधे असून त्यास कोणतेही साहित्य लागत नाही. उताणे निजून किंवा पाय लांब करून बसून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवावी व गुडघ्याने ती खाली दाबावी; मांडी आवळलेली हाताला जाणवली पाहिजे. पाच आकडे मोजून सोडावे, असे दहा वेळा करावे. नंतर उताणे निजून एक पाय गुडघ्यात दुमडावा, दुसरा ताठ ठेवून वीतभर उचलावा, पाच आकडे धरावा आणि सावकाश खाली आणावा. श्वास मात्र कोंडू नये. तिसरा व्यायाम खुर्चीचा. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून हाताचा आधार शक्य तितका कमी घेत उठावे आणि सावकाश बसावे. बसताना धपकन अंग टाकल्यास व्यायामाचा अर्धा लाभ वाया जातो. पहिल्या आठवड्यात पाच वेळा जमले तरी पुरे. पुढे संख्या वाढवीत न्यावी. याच्या जोडीला सपाट रस्त्यावर, पायाला बसतील अशी मऊ तळव्यांची पादत्राणे घालून, आरंभी दहा मिनिटे व हळूहळू अर्धा तास चालावे.

व्यायामाने प्रारंभी थोडे दुखते आणि येथेच बहुतेक जण तो सोडून देतात. यास्तव एक सोपी कसोटी ध्यानात ठेवावी. व्यायामानंतर वाढलेले दुखणे दोन तासांत ओसरले, तर व्यायाम योग्य प्रमाणात झाला. ते दोन तासांहून अधिक टिकले, तर दुसऱ्या दिवशी प्रमाण कमी करावे. व्यायाम बंद करू नये. परिणाम दिसण्यास सहा ते आठ आठवडे लागतात. पुडीने दोन दिवसांत आराम पाहिलेल्या माणसास हा काळ मोठा वाटणे साहजिक आहे. वजन जास्त असल्यास तेही उतरविले पाहिजे, कारण एक किलो वजन घटले तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोंनी कमी होतो.

भौतिकोपचाराचे, म्हणजेच फिजिओथेरपीचे रीतसर शिक्षण आपल्याकडे १९५० नंतरच्या दशकात मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात सुरू झाले. तेव्हा त्यामागे पोलिओने लुळ्या पडलेल्या मुलांची निकड होती. आज या शास्त्राचा मोठा उपयोग सांधेदुखीच्या रुग्णांना होतो. मात्र भौतिकोपचार म्हणजे विजेच्या यंत्राचा शेक, अशी पुष्कळांची समजूत झालेली दिसते, आणि यंत्र न लावता नुसता व्यायाम शिकविणाऱ्या तज्ज्ञाकडे रुग्ण पुन्हा फिरकत नाहीत. वास्तविक शेकाचा उपयोग दुखणे तात्पुरते शमवून व्यायाम सुकर करण्यापुरता आहे. तेवढे काम घरातील गरम पाण्याची पिशवीही करते. पंधरा-वीस मिनिटे शेकावे, कातडी भाजू देऊ नये. मधुमेहाने पायाची संवेदना गेलेल्यांनी विशेष जपावे. काठी वापरावयाची असल्यास ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. बहुतेक जण ती दुखऱ्या बाजूलाच धरतात.

बैठकीच्या सवयींतही बदल हवा. जमिनीवर मांडी घालून तासन्‌तास काम करणाऱ्या स्त्रियांनी साड्यांचे काम खुर्ची व मेजावर घ्यावे. ते शक्य नसेल तर अर्ध्या तासाने उठून खोलीत चार फेऱ्या घालाव्यात. उकिडवे बसणे टाळावे. शौचालयात कमोडची खुर्ची ठेवता येते. गावच्या कारभाऱ्यांनी व शिक्षकांनीही एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. ग्रामसभेत व शाळेच्या पालकसभेत सतरंज्या अंथरल्या जातात, आणि खाली बसता येत नाही म्हणून कितीतरी वडीलधारी माणसे सभेला येणेच सोडतात. दोन बाकांची सोय फार खर्चाची नाही.

येथवरचे विवेचन झिजेच्या संधिवाताविषयी आहे. आमवाताची, ज्यास डॉक्टर रुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात त्याची, गोष्ट वेगळी आहे. तो तरुण वयातही होतो, स्त्रियांत अधिक आढळतो, आणि भिगवणच्या पाहणीत सुमारे अर्धा टक्का प्रौढांत दिसून आला. म्हणजे दोन हजार प्रौढांच्या गावात दहा जणांस. दोन्ही हातांच्या बोटांचे सांधे व मनगटे सुजतात, आणि सकाळी उठल्यावर तासाहून अधिक वेळ बोटे आखडलेली राहतात. झिजेच्या विकारात हा आखडलेपणा बहुधा अर्ध्या तासात मोकळा होतो. आमवातावर केवळ व्यायामाने भागत नाही. पहिल्या काही महिन्यांतच योग्य औषधे सुरू झाली नाहीत तर बोटे कायमची वाकडी होतात. व्यायाम येथे औषधांच्या जोडीने चालतो, आणि सांधा सुजून गरम झाला असेल तेव्हा बळाचे व्यायाम थांबवून तो हळुवार हलता ठेवावा. एखादाच सांधा अचानक लाल होऊन सुजला व सोबत ताप आला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

सुरतेतील रुग्णांना मजुरा गेटजवळील नवे सिव्हिल हॉस्पिटल व महापालिकेचे स्मीमेर रुग्णालय येथे भौतिकोपचार विभागांचा लाभ घेता येतो. गावी परतलेल्या मंडळींनी आपल्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. वयोवृद्धांच्या आरोग्यसेवेच्या राष्ट्रीय कार्यक्रमात भौतिकोपचाराचा समावेश आहे. जाताना पूर्वी घेतलेल्या गोळ्यांची पाकिटे, आणि उरलेली असल्यास पुडीदेखील, सोबत न्यावी व कोणताही संकोच न बाळगता डॉक्टरांना दाखवावी. पुडीत स्टिरॉइड असल्यास ते एकाएकी बंद करणे धोक्याचे असते. डॉक्टर त्याचे प्रमाण क्रमाक्रमाने उतरवितात.