खाऱ्या पाण्याचा टँक आणि शेवाळाचा हिशेब

अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीच्या घरांत गोड्या पाण्याचा फिश टँक काही नवीन नाही. समुद्रातले मासे पाहायचे तर मात्र मरीन ड्राइव्हच्या तारापोरवाला मत्स्यालयात जावं लागे. १९५१ पासून मुंबईकरांनी आपल्या मुलांना ते तिथेच दाखवले. आता खाऱ्या पाण्याचा टँकही काही घरांच्या हॉलमध्ये येऊन बसला आहे, आणि मुलं ज्याला ‘निमो’ म्हणतात तो नारिंगी-पांढरा क्लाऊनफिश त्यात फिरतो आहे.

शौक महागाचा आहे. टँक, स्टँड, दिवा, स्किमर, मीठ, खडक, सगळा खर्च करून झाला की दोन-तीन महिन्यांत काचेवर आणि खडकांवर हिरवे केस उगवतात. मग कुणीतरी बाजारातून शेवाळ मारायची बाटली आणतं आणि बरेचदा मरतात ते मासे. कारण साधं आहे. मेलेलं शेवाळ पाण्यातच कुजतं, कुजताना प्राणवायू खातं आणि अमोनिया सोडतं. सकाळी मासे पृष्ठभागाशी तोंड वर करून धापा टाकताना दिसतात. ज्या औषधात तांबं असतं, ते तर शंख आणि कोळंबीसाठी विषच.

शेवाळ हा रोग नाही. पाण्यात नायट्रेट आणि फॉस्फेट साचले आणि वर उजेड भरपूर मिळाला की ते येणारच. म्हणून शेवाळ मारण्याआधी त्याला जेवायला कोण घालतं आहे, ते शोधावं.

बहुतेक घरांत ते आपणच घालत असतो. सकाळी अब्बा चिमूटभर दाणे टाकतात, शाळेतून आल्यावर मुलं टाकतात, दुपारी दादीला मासे भुकेलेले वाटतात आणि रात्री पाहुण्यांना मासे खाताना दाखवायचे असतात. मासा समोर आलेलं सगळं खात नाही आणि खाल्लेलं सगळं अंगी लावत नाही. उरलेलं रेतीत जातं. यावर सोपा उपाय म्हणजे दिवसाचं खाणं सकाळीच एका लहान डबीत काढून ठेवावं. ज्याला टाकायचं त्याने त्यातूनच टाकावं, आणि डबी रिकामी झाली की त्या दिवसाचं जेवण संपलं. एका वेळी दोन मिनिटांत फस्त होईल तेवढंच टाकावं. बर्फातलं गोठवलेलं खाणं वापरत असाल तर ते वितळवून गाळणीत धुऊन घ्या. ते पाणी टँकमध्ये गेलं तर माशाच्या पोटात काही जात नाही, शेवाळाचं मात्र पोट भरतं.

दुसरी वाट नळाची. नळाच्या पाण्यातला क्लोरीन अँटीक्लोरीनच्या थेंबांनी जातो, पण सिलिकेट, फॉस्फेट जागच्या जागी राहतात. म्हणून आरओचं पाणी वापरायचं. इथे एक गफलत नेहमी होते. स्वयंपाकघरातल्या अनेक आरओ यंत्रांत पाण्याला चव यावी म्हणून थोडं न गाळलेलं पाणी किंवा खनिजं परत मिसळलेली असतात. ते पाणी पिण्यासाठी चांगलं, टँकसाठी नाही. टीडीएस मीटर काही फार महाग येत नाही. तो पाण्यात बुडवून आकडा शून्याच्या जवळ आहे ना, ते पाहावं. (आरओतून वाया जाणारं पाणी बादलीत धरून लादी पुसायला वापरावं. एक लिटरमागे दोन-तीन लिटर गटारात सोडणं बरं नव्हे.)

समुद्र जवळ आहे, मग वर्सोवा-जुहूहून दोन कॅन भरून आणले तर काय बिघडलं, असंही काहींना वाटतं. आपल्या किनाऱ्याच्या पाण्यात शहराचं सांडपाणी मिसळतं, म्हणजे शेवाळाचं खतच आयतं आणल्यासारखं. शिवाय पावसाळ्यात ते पाणी बरंच गोडं होतं.

आता उजेड. टँकचा दिवा रोज आठ तास पुरे. पण घरात माणसं जागी आहेत तोवर तो जळतच राहतो आणि रमजानमध्ये तर सहरीपासून तरावीहनंतरपर्यंत हॉलला झोप नसते. हॉलची ट्यूबलाइट चालू राहिली तर फारसं बिघडत नाही. टँकच्या दिव्याला मात्र टायमर लावून टाकावा, म्हणजे घरात वादही नको. पश्चिमेच्या खिडकीसमोर टँक असेल तर दुपारी पडदा ओढावा.

आधीच वाढलेलं शेवाळ हातानेच काढायचं. खडक टँकच्याच जुन्या पाण्याच्या बादलीत घेऊन नव्या टूथब्रशने घासावा. काचेवरचं आणि रेतीवरचं नळीने ओढून बाहेर टाकावं, तुकडे पाण्यात तरंगू देऊ नयेत. मग दर आठवड्याला थोडं पाणी बदलावं. तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टँकमध्ये साधारण १९० लिटर पाणी मावतं. त्यातलं २० लिटर काढून तेवढंच नवं घालावं. नव्या २० लिटरला सुमारे ७०० ग्रॅम समुद्री मीठ लागतं. स्वयंपाकाचं मीठ चालत नाही. रोज जे पाणी वाफ होऊन उडतं, त्याच्या जागी मात्र बिनमिठाचं आरओ पाणीच घालायचं, कारण मीठ उडत नाही. काचेवर एक रेघ मारून ठेवली की पंख्याखाली मे महिन्यात किती उडतं आणि जुलैच्या दमट हवेत किती कमी उडतं, ते कळतं.

सगळंच शेवाळ सारखं नसतं. नव्या टँकमध्ये पहिल्या काही आठवड्यांत येणारा तपकिरी भुगा डायटमचा असतो. त्याच्यासाठी सब्र हेच औषध, तो बहुधा आपोआप जातो. लाल-जांभळी, चादरीसारखी सोलून निघणारी साय हे शेवाळच नव्हे, ते सायनोबॅक्टेरिया. जिथे पाणी हलत नाही तिथे ती बसते. ती नळीने ओढून काढा आणि पंपाचं तोंड तिकडे वळवा. तिच्यावर अँटिबायोटिकच्या गोळ्या टाका, असं कुणी सांगितलं तर ऐकू नये. त्याने फिल्टरमधले उपयोगी जीवाणूही मरतात आणि ते पाणी शेवटी आपल्याच गटारात जातं.

टेस्ट किट शून्य दाखवतं आणि टँक तर हिरवागार, हे पाहून लोक गोंधळतात. शेवाळ दाट असेल तर पाण्यात येणारं फॉस्फेट ते लगेच गिळतं, किटला दिसायला उरतच नाही. अशा वेळी आकड्यापेक्षा डोळ्यांवर भरवसा ठेवावा. उलट, शेवाळ नसतानाही दोन्ही आकडे शून्यावर आणायचा हट्ट करू नये. तशा पाण्यात बुडबुडे धरलेला तपकिरी चिकट पदार्थ, डायनोफ्लॅजेलेट, माजतो आणि तो केसांपेक्षा चिवट असतो.

शेवाळ खाणारा मासा आणा, हा दुकानदाराचा आवडता सल्ला. पण तोही खातो आणि तोही घाण करतो. सर्जनमासा तर तीन फुटांच्या टँकमध्ये कोंडणं त्याच्यावर जुलूमच. दोन-चार शंख चालतील, पण किनाऱ्यावरून उचलून आणू नका. प्रवाळ, समुद्रघोडे आणि काही शंखांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. क्रॉफर्ड मार्केटमध्ये घ्या की कुर्ल्यात, जीव कुठून आला ते विचारा आणि पावती घ्या.

एवढं सगळं केलं तरी फरक दिसायला सहा-आठ आठवडे लागतात. मधल्या काळात खडकावर गुलाबी-जांभळे, चुन्यासारखे कडक ठिपके दिसू लागले तर ते घासू नका. तेही शेवाळच, पण आपल्या बाजूचं. ते पसरलं की केसाळ शेवाळाला जागा कमी उरते.