खारे वारे, मतलई वारे आणि शिडाचा प्रवास

‘खारे वारे आणि मतलई वारे यांतील फरक स्पष्ट करा’ हा प्रश्न आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या शाळांतही विचारला जाई. दिवसा समुद्रावरून जमिनीकडे येतात ते खारे, रात्री जमिनीवरून समुद्राकडे जातात ते मतलई; एवढे लिहिले की गुण पदरात पडत. कळंबपासून समुद्र पाचशे किलोमीटरांहून दूर, त्यामुळे पुढे काही विचारायची कोणाला गरज वाटत नसे. पण ज्या किनाऱ्यावर हे वारे वाहतात, तिथे या दोन ओळी म्हणजे शिडाच्या जहाजांचे वेळापत्रकच होते. ते कसे चालत होते, हे सांगण्यासाठी हा लेख.

इंजिने येण्यापूर्वी मुंबई आणि कोकणातली बंदरे यांच्यामधली मालाची ने-आण मचवा, पडाव, शिबाड, फत्तेमारी अशा जहाजांतून होई. भात, मीठ, नारळ, लाकूडफाटा, मंगलोरी कौले असा माल. जहाज चालवणारा तो तांडेल, हाताखालचे खलाशी. पावसाळ्यात जहाजे किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारलेली असत. नारळी पौर्णिमेला दर्याची पूजा झाली की मोसम सुरू होई आणि पुढचा पावसाळा तोंडावर येईपर्यंत चाले.

या मोसमात एक मोठी अडचण असे. किनारा साधारण दक्षिणोत्तर आणि दिवसाचा मुख्य वारा वायव्येकडून. म्हणजे मुंबईहून रत्नागिरीला येताना वारा पाठीशी, पण माल भरून मुंबईला जाताना तोच जवळजवळ तोंडावर. वाऱ्याच्या थेट तोंडाशी कोणतेच शीड चालत नाही. मग जहाजे उत्तरेला जात कशी?

उत्तराचा अर्धा भाग शिडाच्या आकारात आहे. भारतीय नौदलाचे ‘कौंडिण्य’ हे जहाज २०२५ साली नौदलात दाखल झाले. अजिंठ्याच्या एका भित्तिचित्रावरून त्याचा आराखडा केला आणि फळ्या काथ्याच्या दोरीने शिवल्या. त्याची शिडे चौकोनी, जहाजाला आडवी. असे शीड पाठीमागच्या वाऱ्याला उत्तम. कोकणच्या जहाजांचे शीड मात्र तिरपे. डोलकाठी पुढे झुकलेली, तिच्यावर लांब वासा तिरका टांगलेला आणि शीड जहाजाच्या लांबीच्या दिशेने ताणलेले. पाश्चात्त्यांच्या ‘स्कूनर’ जहाजाची शिडे घडणीने वेगळी, पण तीही लांबीच्या दिशेनेच असतात आणि कारणही तेच. अशा शिडाने बाजूचा वारा घेता येतो, समोरून तिरका येणाराही काही प्रमाणात पकडता येतो.

उत्तराचा दुसरा अर्धा भाग म्हणजे आपला शाळेतला प्रश्न. जमीन लवकर तापते आणि लवकर निवते. पाणी दोन्ही बाबतींत सावकाश. म्हणून दुपारी हवा समुद्रावरून आत येते आणि उत्तररात्री जमिनीवरून बाहेर जाते. समजा, माघ महिन्यात एक शिबाड रत्नागिरीहून मुंबईला निघाले आहे. रात्री मतलई सुटली की तो वारा पूर्वेकडून, म्हणजे उजव्या अंगाने येतो. तेवढ्या वेळात तांडेल उत्तरेची वाट कापतो आणि किनाऱ्यापासून थोडा बाहेरही सरकतो. सकाळी वारा पडतो, शीड लोंबते. दुपारी खारा वारा आला की तोच वारा तिरका घेत जहाज पुन्हा किनाऱ्याकडे येते. रात्री बाहेर, दुपारी आत, अशी नागमोडी वाट. वाराच नसेल तर जयगड, दाभोळ, बाणकोट अशा एखाद्या खाडीच्या तोंडाशी नांगर टाकून थांबायचे.

खाडीत शिरायचे तर भरतीबरोबर आणि निघायचे तर ओहोटीबरोबर. त्याची वेळ तिथीवरून काढत. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणून पूर्ण भरती दुपारी आणि रात्री तीनच्या सुमारास. प्रत्येक तिथीला भरती सुमारे अठ्ठेचाळीस मिनिटांनी पुढे जाते आणि हा हिशेब पंचेचाळीस मिनिटे धरतो. पंधरा तिथींत पाऊण तासाची तूट पडते, पण तोंडी हिशेबाला ती चालते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, हेही पंचांगावरूनच. आमच्या कळंबला चतुर्थीला चिंतामणीच्या दर्शनाला गर्दी होते. तीच चतुर्थी किनाऱ्यावर भरतीचे घड्याळ असते.

मराठा आरमाराने हेच ज्ञान लढाईत वापरले. आंग्र्यांच्या आरमारात दोन-तीन डोलकाठ्यांची गुराबे आणि त्यांहून लहान, वल्ह्यांची गलबते असत. वारा पडला की चौकोनी शिडांचे मोठे युरोपीय जहाज जागच्या जागी अडके. अशा वेळी गलबते गुराबाला दोराने ओढत नेऊन तोफांच्या माऱ्याच्या टप्प्यात आणत. सकाळी वारा पडणार, हे ठाऊक असणाऱ्याला त्याचा उपयोग करून घेता येई.

आगबोटींनी प्रवासी नेले, पुढे इंजिनांनी आणि रस्त्यांनी माल नेला. इंजिनाला मतलईची वाट पाहावी लागत नाही, त्यामुळे ती केव्हा सुटते हे लक्षात ठेवायचे कारणही उरले नाही. भित्तिचित्रावरून जहाजाचा आकार पुन्हा उभा करता येतो, कारण तो रंगवलेला असतो. पण कोणत्या महिन्यात, कोणत्या खाडीसमोर, रात्रीच्या कितव्या प्रहरी वारा फिरतो, हे कोणी रंगवत नाही. शब्दकोशात ‘मतलई’ची नोंद एका ओळीत संपते. त्या ओळीमागचे तपशील ज्यांच्याकडे आहेत, ती शिडावर वाढलेली शेवटची पिढी आता फार वृद्ध आहे. किनाऱ्यावरच्या वाचकांपैकी कोणाच्या घरी असे आजोबा असतील, तर या दिवाळीत त्यांच्याजवळ पंचांग आणि कोरी वही घेऊन बसावे. पहिला प्रश्न आपल्याला शाळेपासून पाठ आहेच. पुढचे प्रश्न त्यांच्या उत्तरांतून सुचतील.