उतारवय, थकलेलें कर्ज आणि घर

पैसे उसने देणारा सावकार असो वा बँक, तो दोन गोष्टी प्रथम पाहतो : घेणाऱ्याचा पूर्वीचा व्यवहार आणि फेडीसाठीं हाताशीं असलेलीं वर्षें. त्यामुळें ज्याचें वय झालें आहे आणि ज्याच्या नांवावर जुनी थकबाकी आहे, त्याला घरासाठीं कर्ज मिळणें फार कठीण होतें. वाशीम जिल्ह्यांतील मानोरा तालुका उदाहरणादाखल घ्या. कापूस आणि सोयाबीन पिकविणारा हा मुलूख. बंजारा समाजाचें तीर्थक्षेत्र पोहरादेवी याच तालुक्यांत आहे. अशा कोरडवाहू प्रदेशांत एखाद्या वर्षीं पाऊस फसला कीं पीककर्ज थकतें, आणि त्याची नोंद शेतकऱ्याची पाठ सोडीत नाहीं. साठी उलटल्यावर मातीच्या भिंती खचूं लागल्या, तर त्यानें कोणतें दार ठोठवावें, याचा आज विचार करूं.

प्रथम ही नोंद म्हणजे काय तें पाहूं. २००५ सालच्या कायद्याखालीं चालणाऱ्या पतमाहिती कंपन्या प्रत्येक कर्जदाराचा इतिहास ठेवतात. ‘सिबिल’ ही त्यांतील सर्वांत परिचित. तिचे गुण ३०० ते ९०० यांमध्यें असतात. दुसऱ्याला जामीन राहिलेल्या माणसाच्या नोंदींतहि तें कर्ज येतें, हें पुष्कळांना ठाऊक नसतें. प्रत्येक कंपनीकडून वर्षांतून एकदां संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. फेडलेलें कर्ज त्यांत थकीत दिसत असेल, तर लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत तिचा निकाल न लागल्यास पुढील प्रत्येक दिवसास १०० रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम २०२४ पासून लागू आहे.

परंतु नोंद सुधारली तरी वय कमी होत नाहीं. म्हणून कर्जाचा मार्ग सोडून दुसऱ्या मार्गाकडे वळलें पाहिजे. घरकुल हें कर्ज नव्हे. तें अनुदान आहे. त्याची परतफेड करावयाची नसल्यामुळें तेथें पतीचे गुण कोणी विचारीत नाहीं. इतकेंच नव्हे, तर बँकेच्या वहींत जें उणें ठरतें तेंच येथें अधिक ठरतें. २०१६ पासून चालू असलेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण नियमांत, ज्या कुटुंबांत सोळा ते एकोणसाठ वर्षांचें कोणीच माणूस नाहीं, त्यास अग्रक्रमाचा एक गुण आहे. वृद्ध, एकाकी विधवेचें घर नेमकें या वर्णनांत बसतें. मूळ अनुदान १,२०,००० रुपये असून तें बांधकामाच्या टप्प्यांप्रमाणें थेट खात्यांत जमा होतें. बांधकाम किमान २५ चौरस मीटर असावें लागतें. वृद्ध वा अपंग माणसास स्वतः उभें राहून घर बांधून घेणें जमत नसेल, तर गवंडी-प्रशिक्षणाच्या कामांतून तें बांधून द्यावें, असेंहि या नियमांत सांगितलें आहे. ही तरतूद मागून घ्यावी लागते.

एक अट मात्र ध्यानांत ठेवावी. ५०,००० रुपये किंवा अधिक मर्यादेचें किसान क्रेडिट कार्ड असलेलें कुटुंब या योजनेंतून वगळलें जातें. म्हणजे येथें पत गेल्यामुळें नव्हे, तर पत असल्यामुळें दार बंद होतें!

खुद्द मानोरा गांवीं नगरपंचायत आहे. तेथील रहिवाशास शहरी आवास योजना लागू पडते. तिच्या २०२४ सालीं सुरू झालेल्या दुसऱ्या पर्वांत विधवा, अपंग आणि ज्येष्ठ नागरिक यांस प्राधान्य आहे. पण देशांत कोठेंहि कुटुंबाचें पक्कें घर नसावें, आणि घर बांधावयाचें तर जागा स्वतःची असावी. ग्रामीण भागांत जागाच नसेल, तर ती विकत घेण्यासाठीं पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नांवाची राज्याची योजना २०१५ पासून आहे. भटक्या-विमुक्तांसाठीं यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना निराळी आहे. तांड्यावरील बंजारा कुटुंबांनीं तिचीहि चौकशी करावी.

दोन सावधगिरीच्या सूचना. अनुदान कोणत्या खात्यांत येणार तें आधीं पाहावें. थकबाकी असलेल्या बँकेंतच तें येणार असेल, तर शक्यतों निराळें खातें आधाराशीं जोडून घ्यावें. आणि सांभाळाच्या केवळ तोंडी शब्दावर राहती जागा मुलांच्या नांवें करूं नये. २००७ सालच्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या तेविसाव्या कलमानें असें हस्तांतरण रद्द करून मिळूं शकतें, पण तें सांभाळाच्या अटीवर झालें होतें हें दाखवावें लागतें. म्हणून ती अट दस्तांतच लिहून घ्यावी.

हें सर्व वाचून आपल्याला सोपें वाटेल. परंतु ज्याला अर्जाचा कागदच वाचतां येत नाहीं, त्याला तें दुर्गम आहे. शहरांतील पुष्कळ सुशिक्षित घरांचे चुलते, आत्या किंवा जुने गडीमाणूस अजून अशा गांवीं राहतात. त्यांना पैसे पाठविणें चांगलेंच. पण सुट्टींत गेल्यावर त्यांचे जागेचे उतारे आणि बँकेचें पुस्तक एकदां तपासावें, पंचायत समितींत यादी पाहावी, नांव नसेल तर ग्रामसभेंत त्यांच्यासोबत बसावें आणि अर्जाची पोंच घेऊन ती त्यांच्या हातीं द्यावी. एवढ्या कामाला फार तर दोन दिवस लागतात.