तीन मिनिटांची परीक्षा

औषधी मच्छरदाणीविषयी जी फिर्याद खेड्यापाड्यांत ऐकू येते आणि शिकलेल्या मंडळींच्या बैठकीतही निराळ्या शब्दांत उच्चारली जाते ती अशी, की डास आता औषधाला दाद देईनासे झाले आहेत, तेव्हा या मच्छरदाण्या वाटणे म्हणजे आरोग्य खात्याचा निव्वळ कापडावरचा खर्च होय. फिर्यादीचा पूर्वार्ध बऱ्याच अंशी खरा आहे. उत्तरार्ध मात्र त्यातून निष्पन्न होत नाही, आणि या दोहोंमधले अंतर ज्या परीक्षांनी मोजले जाते त्यांची हकीकत सामान्य वाचकापर्यंत सहसा पोहोचत नसल्यामुळे गैरसमजाला मोकळे रान मिळते.

प्रथम ‘सवय’ या शब्दाचा निकाल लावू. अफू खाणाऱ्याला जशी वाढती मात्रा पचू लागते तशी डासाला औषधाची सवय होते, अशी कल्पना सर्रास आढळते. पण काही आठवड्यांचेच आयुष्य लाभलेल्या या प्राण्याला सवयी जडवून घेण्याइतकी सवड कोठली! लक्षावधी डासांपैकी ज्या थोड्यांच्या अंगी उपजतच औषध सोसण्याचा गुण असतो ते वाचतात, बाकीचे मरतात, आणि पुढची प्रजा वाचलेल्यांची निपजते, इतकाच हा व्यवहार आहे. मच्छरदाणीवरचे पायरेथ्रॉइड वर्गाचे औषध डासाच्या मज्जातंतूंतील सोडियमच्या द्वारांवर आघात करते. काही डासांत त्या द्वारांची घडणच किंचित बदललेली असते, तर काहींच्या शरीरातील विकरे औषध मर्मस्थानी पोहोचण्यापूर्वीच त्याचे तुकडे करून मोकळी होतात. या निवडीचा सारा दोष मच्छरदाण्यांच्या माथी मारणेही न्यायाचे नाही, कारण पश्चिम आफ्रिकेत कापसाच्या शेतांवर त्याच वर्गाची औषधे फवारली जात आली आहेत.

मच्छरदाणीची पारख म्हणजे तिच्यावर डास मरतो की नाही हे पाहणे, ही समजूत मात्र अधिक घट्ट आहे, आणि ती रुजण्यास प्रयोगशाळेतली शंकू-चाचणी थोडीफार कारणीभूत झाली असावी. मच्छरदाणीच्या तुकड्यावर पारदर्शक प्लास्टिकचा शंकू बसवून त्यात दोन ते पाच दिवस वयाच्या, रक्त न प्यालेल्या 5 माद्या सोडतात, 3 मिनिटांनी त्यांना बाहेर काढतात, तासाभराने किती लोळल्या आणि 24 तासांनी किती मेल्या याची नोंद करतात. शेजारी बिनऔषधी जाळीवर अशाच माद्या ठेवलेल्या असतात, म्हणजे आपोआप मेलेल्यांचे श्रेय औषधाला मिळत नाही. परीक्षा सुबक आहे, परंतु तिचा प्रश्न मर्यादित आहे: या जाळीवर मारक औषध अजून शिल्लक आहे काय? काही औषधे डासाला इतकी झोंबतात की तो शंकूत जाळीवर टेकतच नाही, आणि मग चांगली जाळीही नापास ठरू शकते. अशा वेळी बोगदा-चाचणी करतात. काचेच्या 60 सेंटिमीटर लांबीच्या बोगद्यात मध्ये जाळी आडवी लावतात, तिला मुद्दाम 9 भोके पाडतात, एका टोकाला गिनीपिग अथवा ससा आणि दुसऱ्या टोकाला शंभर माद्या ठेवून रात्र जाऊ देतात. सकाळी मेलेल्या माद्या तर मोजतातच, पण किती जणींना रक्त मिळाले हेही मोजतात. कारण जी मादी मेली नाही तरी उपाशी परतली, तिने त्या रात्रीपुरते कोणाला हिवतापही दिला नाही.

याहून खरी कसोटी लागते ती बेनिनमधील कोवे येथल्या भातखाचरांलगत उभारलेल्या प्रयोग-झोपड्यांत, जेथले डास पायरेथ्रॉइडांना चांगलेच निर्ढावलेले आहेत. स्वेच्छेने आलेली माणसे संध्याकाळपासून पहाटेपर्यंत मच्छरदाणीत निजतात. मच्छरदाणीला 4 सेंटिमीटर लांबीरुंदीची 6 भोके आधीच पाडलेली असतात, कारण फाटकी मच्छरदाणी कुचकामी असते की नाही हे तर्काने नव्हे तर प्रयोगाने ठरवायचे असते. कोणा माणसाकडे डास अधिक आकृष्ट होतात, कोणाकडे कमी, म्हणून निजणाऱ्यांची झोपड्यांमधून ठरावीक क्रमाने अदलाबदल होते. झोपडीभोवती पाण्याचा चर असतो. तो कशासाठी, असे मला प्रथम कोडेच पडले होते. मेलेले डास मुंग्यांनी पळवून नेऊ नयेत आणि मोजदादीत खोट येऊ नये म्हणून हा बंदोबस्त!

आता ज्या औषधाने या जुन्या परीक्षापद्धतीलाच अडचणीत आणले त्याकडे वळू. क्लोरफेनापिर हे मुळात निद्रिस्त विष आहे. डासाच्या शरीरातील विकरांनी त्याचे रूपांतर केल्यावरच ते मारक होते आणि पेशींतील ऊर्जानिर्मिती बंद पाडते. गंमत अशी, की जी विकरे पायरेथ्रॉइडाचा नाश करून डासाला वाचवतात त्याच जातीची विकरे या विषाला जागे करतात. पण या क्रियेला वेळ लागतो, आणि रात्री हिंडणाऱ्या, श्वसनाचा वेग वाढलेल्या डासात ती जोमाने होते. साहजिकच दिवसा शंकूत 3 मिनिटे बसवलेल्या डासाने 24 तासांत मरण्याचे नाकारले, एवढ्यावरून हे औषध लावलेल्या मच्छरदाणीला नालायक ठरवणे म्हणजे आरोपीची जबानी पुरी होण्याआधीच निकाल देणे होय. म्हणून तिच्यासाठी रात्रभराची चाचणी घेतात आणि मृत्यूची नोंद 72 तासांपर्यंत चालू ठेवतात.

तरी अखेर डास मरणे आणि मूल आजारी न पडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि दुसरीचा दाखला गावांतूनच मिळवावा लागतो. टांझानियातील मिसुंग्वी जिल्ह्यात 84 वस्तीगटांमध्ये निरनिराळ्या मच्छरदाण्या वाटण्यात आल्या. दोन वर्षांनंतर केवळ पायरेथ्रॉइडाची मच्छरदाणी मिळालेल्या गटांतील तपासलेल्या मुलांपैकी 45.8 टक्क्यांच्या रक्तात हिवतापाचे जंतू आढळले; क्लोरफेनापिरचीही जोड असलेल्या गटांत हे प्रमाण 25.6 टक्के होते. 2023 च्या मार्चमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अशा मच्छरदाण्यांची शिफारस केली.

यावरून जुनी मच्छरदाणी काढून टाकावी असा उलटा गैरसमज कोणी करून घेऊ नये. भारत, बेनिन, कॅमेरून, केनिया आणि सुदान या 5 देशांत झालेल्या आणि 2018 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात औषध सोसणाऱ्या डासांच्या प्रदेशातही मच्छरदाणीत निजणाऱ्यांना न निजणाऱ्यांपेक्षा हिवताप कमी झाला होता. त्यातला भारतीय भाग छत्तीसगडातील कोंडागाव जिल्ह्यातला, म्हणजे आमच्या गडचिरोलीपासून फार लांबचा नव्हे.